जिवंत सभासदाला श्रद्धांजली

१

सकाळी साडेदहाला हिमनदी-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची वार्षिक सभा सुरू झाली. प्रथेप्रमाणे अध्यक्षांनी वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांची नावे वाचली आणि सभागृह उभे राहिले. शेवटचे नाव निर्बंध लागलेल्या देशातल्या एका संशोधक बाईंचे होते. मिनिटभर शांतता पाळून लोक खुर्च्यांवर टेकत होते, तेव्हा खालच्या मजल्यावर कार्यालयातला फोन वाजत होता.

फोन विमानतळावरून होता. प्रवेश-तपासणीच्या अधिकाऱ्याने त्याच बाईंचे नाव सांगितले आणि विचारले, "या तुमच्या सभासद आहेत का?"

रिसेप्शनवरच्या मुलीने ते नाव जिन्यातल्या स्पीकरवर नुकतेच ऐकले होते. "होत्या," ती म्हणाली. "वारल्या हो बिचाऱ्या. आत्ताच श्रद्धांजली वाहिली."



"मग माझ्यासमोर उभी आहे ती कोण?" अधिकाऱ्याने विचारले.

२

त्या देशाचे नाव कार्यालयात कुणी घेत नसे. सगळे नुसते ‘पलीकडे’ म्हणत. पलीकडच्या सरकारवर निर्बंध लागले, त्याला आता काही महिने झाले होते. पलीकडच्या कुणालाही कसलीही सेवा द्यायची नाही, असा हुकूम संस्थेला आला आणि तिथल्या सभासदांची सभासदत्वे एका दिवसात संपवण्यात आली. कुणी भांडले नाही. हुकूम कायदेशीर होता आणि पलीकडचे सभासद मोजकेच होते.

बाईंना इथल्या विद्यापीठाने कामासाठी बोलावले होते आणि त्याला सरकारची परवानगीही होती. अडचण ओळखीची होती. पलीकडून येणाऱ्या माणसाबद्दल इथल्या एखाद्या मान्य संस्थेने ‘हो, ही व्यक्ती तीच’ एवढे सांगायचे असा नियम होता. बाईंनी या संस्थेचे नाव दिले होते. ‘त्या आमच्या सभासद होत्या, आता नाहीत’ एवढे उत्तर मिळाले असते तरी त्यांचे काम झाले असते.

अध्यक्षांनी स्वतः विमानतळावर फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. चूक झाली आहे, बाई हयात आहेत, असे सांगितले.

"साहेब," अधिकारी म्हणाला, "अकराला मेलेली बाई साडेअकराला जिवंत झाली. दुपारी काय सांगाल? तुमच्या संस्थेवर मी कशाच्या जोरावर विश्वास ठेवू?"

"नजरचूक असते माणसाची."

"असेल. ज्याची नजर चुकली त्याला माझ्यासमोर आणा. नोंद का केली हे त्यानं तोंडानं सांगायचं. नाहीतर संध्याकाळच्या विमानानं या परत जातील. मेलेल्या बाईचे कागद वापरले, असा शेरा पासपोर्टवर पडेल." मग त्याचा आवाज किंचित खाली आला. "त्या म्हणतायत, अध्यक्षांना आठवण करून द्या. बर्फाच्या भेगेत पडलात तेव्हा तुम्ही देवाचं नाव घेतलं नव्हतं. ‘ताई, ताई’ म्हणून ओरडला होतात."

अध्यक्षांनी फोन ठेवला. "तीच आहे," ते म्हणाले.

समोरच्या खुर्चीत त्यांची थोरली बहीण बसली होती. भावाचे भाषण ऐकायला म्हणून ती सभेला आली होती. विमा कंपनीत तिने जन्मभर मृत्यूचे दावे तपासले होते. कोण खरोखर मेले आणि कोण सोयीसाठी मेले, हे शोधणे हा तिचा धंदा होता. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी तिच्याशी बोलताना नातेवाईक अजून जपून बोलत.

"ओरडलास तो ओरडलास," ताई म्हणाली, "पण सांगितलं नाहीस कधी."

"ताई, ही थट्टेची वेळ आहे का?"

"नाही. म्हणून विचारते. हा शेरा घेऊन ती पलीकडे उतरली तर काय होईल?"

"असा शेरा घेऊन उतरलेली माणसं विमानतळावरून घरी जात नाहीत."

"आणि तू तिचं नाव वाचलंस. ओळखीच्या बाईचं. जीभ अडखळली नाही तुझी?"

अध्यक्षांनी टेबलावरचा पेपरवेट सरकवला. "वाचता वाचता वाटलं, मला कसं कळलं नाही. मग वाटलं, कळायला आपण चौकशी कधी केली? तेवढ्यात नाव वाचून संपलं होतं."

"बाळ," ताई म्हणाली. साठी उलटलेल्या अध्यक्षांना असे म्हणणारे आता एकच माणूस उरले होते. "नोंद कुणाला करता येत होती, तेवढं सांग. माझ्याकडे संध्याकाळपर्यंतच वेळ आहे."

"चौघांना," अध्यक्ष म्हणाले. "आणि चौघंही आत्ता याच इमारतीत आहेत."

३

ज्या दिवशी हुकूम आला त्या दिवशी हे चौघे सभासद-विभागाच्या खोलीत बसले होते. खोली लहान होती: दोन टेबले, एक कॉम्प्युटर, चहाची किटली आणि गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी खिडकी. सिस्टीम दिवसभर विभागप्रमुख बाईंच्या पासवर्डवर उघडी होती. पलीकडच्या प्रत्येक नावासमोर ‘सभासदत्व समाप्त’ असे नोंदवायचे होते. एकाच नावासमोर ‘दिवंगत’ असे नोंदले गेले. तारीख त्याच दिवसाची होती. बोट कुणाचे, ते सिस्टीम सांगत नव्हती.

ताईने चौघांना त्याच खोलीत एकेकटे बोलावले. प्रत्येकाला तिने तेच एक वाक्य आधी सांगितले: "बाई विमानतळावर आहेत, आणि त्यांना परत पाठवणार आहेत." मग ती गप्प बसे आणि समोरचा काय बोलतो ते ऐके.

विभागप्रमुख बाईंना सगळे वहिनी म्हणत. त्यांनी तोंडावर हात नेला. "अगं बाई! पण त्याच आहेत का नक्की? की दुसरंच कुणी त्यांचे कागद घेऊन आलंय? म्हणजे मी वाईट अर्थानं नाही म्हणत हो."

"त्याच आहेत. नोंद तुम्ही केलीत?"

"माझ्या पासवर्डवर झाली म्हणजे माझीच म्हणायची." वहिनींनी पदराच्या टोकाशी चाळा सुरू केला. "पण मी केली नाही. त्या दिवशी मी सारखी उठत होते. नावं समोर यायची आणि मला बसवत नव्हतं. पलीकडच्या सभासदांचे मेल यायचे ते आमचं खातं मी बंद केलं, तेव्हा पेटीत त्यांचे न वाचलेले मेल होते. उघडून बघितले असते तर उत्तर द्यावंसं वाटलं असतं. म्हणून न बघताच बंद केलं."

"आजची यादी तुम्हीच काढता ना?"

"सिस्टीम काढते. दिवंगत म्हणून नोंदलेली नावं सभेच्या आदल्या दिवशी आपोआप येतात, मी नुसती साहेबांच्या टेबलावर ठेवते. काल त्यांचं नाव दिसलं तेव्हा रडले मी. मास्तरांना कळलं असेल, त्यांनी नोंदवलं असेल, असं वाटलं. विचारलं नाही." त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "विचारलं असतं तर, इतके दिवस तू चौकशी का केली नाहीस, हेही निघालं असतं ना."

मास्तर म्हणजे संस्थेच्या नियतकालिकाचे संपादक. गेली पंचवीस वर्षे त्यांनी एकही सभा चुकवली नव्हती. ते आत आले, बसले नाहीत.

"तिचा आवाज कुणी ऐकलाय का?" त्यांनी पहिला प्रश्न केला. "फोनवर कुणीही काहीही सांगतं."

"बाळची खात्री पटलीय. तुम्ही बसा तरी."

"मी उभाच बरा."

"नाव वाचल्यावर ओळखीच्या माणसानं दिवंगताबद्दल एक वाक्य बोलायचं, अशी तुमच्यात पद्धत आहे. तुमची तिची ओळख सगळ्यांत जुनी. तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलणार होतो? गेल्या पावसाळ्यात तिनं लेख पाठवला होता. निर्बंधांची कुणकुण लागली होती. मी पाकीट फोडलं नाही. ‘जागेअभावी परत’ असं लिहून परत पाठवलं. जागा होती. आज नाव ऐकलं आणि वाटलं, तिच्याशी माझं शेवटचं बोलणं ते." त्यांनी खिडकीकडे पाहिले. "ती गेल्याचं ऐकून पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, हे लिहून घ्या हवं तर. आता तोंड दाखवावं लागणार नाही, असं."

"मी काही लिहून घेत नाही," ताई म्हणाली. "एवढंच सांगा, पलीकडच्या सभासदांमध्ये नेमकी तीच कशी मेली? तिच्यात वेगळं काय आहे?"

मास्तरांनी मान वळवली. "तिची मोजमापं. पलीकडच्या डोंगरात हिमनदी वितळून एक तलाव साठलाय. तो फुटला तर पाणी सीमेच्या खाली, तिसऱ्याच देशातल्या खोऱ्यात उतरणार. ती वर्षानुवर्षं त्याची पातळी मोजते; तिनं तिथं बसवलेलं यंत्र रोजचे आकडे आपोआप आमच्या संग्रहात टाकतं. खोऱ्यातली माणसं ते रोज बघतात. निर्बंधांमुळे सभासदत्व गेलं की त्या माणसाचा संग्रहही बंद करावा लागतो."

"आणि माणूस मेला तर?"

"मेलेल्यांचा संग्रह बंद होत नाही," मास्तर म्हणाले. "तो कायमचा सगळ्यांसाठी खुला राहतो."

४

म्हणजे बाईंना वैरापोटी कुणी मारले नव्हते. हे कळल्यावर ताईचे काम सोपे झाले नाही, उलट अवघड झाले. वाईट हेतूच्या माणसाला पकडायची तिला सवय होती. चांगल्या हेतूचा माणूस कुठे लपतो हे तिला शिकावे लागणार होते.

खजिनदार घामाघूम होऊन आले. वजनदार, हसतमुख गृहस्थ. बातमी ऐकून ते म्हणाले, "कागद नीट तपासलेत का विमानतळवाल्यांनी? नाही, म्हणजे श्रद्धांजली झाली म्हणतात ना?"

"म्हणतात? तुम्ही नव्हता?"

"मी जरा उशिरा पोचतो नेहमी. गाडी लावायला जागा मिळत नाही."

"त्या दिवशी या खोलीत काय बोलणं झालं?"

"बोलणं काय, सुतकच होतं. कुणाचं तोंड वर होईना. म्हणून मी आपली जरा गंमत केली. आमच्या वकीलसाहेबांना म्हटलं, अहो, या हुकुमातून सुटका कुणाचीच नाही का? ते म्हणाले, ‘मेलेल्यांची आहे. निर्बंध जिवंत माणसावर असतात.’ आम्ही हसलो." खजिनदारांचे हसू मावळले. "हसलो हो आम्ही. चौघंही."

शेवटी वकील आले. तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात काहीच नाही. संस्थेने त्यांना निर्बंधांच्या कामासाठी याच वर्षी नेमले होते. कार्यालयात त्यांना पाठीमागे ‘फ्रीज’ म्हणत. हुकुमाचा सगळ्यांत कडक अर्थ लावणारे तेच होते.

ताईने आपले वाक्य सांगितले.

"परतीचं विमान कितीला आहे?" वकिलांनी विचारले.

"सव्वासात. का?"

"तेवढ्यात खुलासा द्यावा लागेल म्हणून. संस्थेनं आता लेखी काहीही देऊ नये, असा माझा सल्ला राहील. तीही सेवा ठरू शकते."

"जिवंत बाईला जिवंत म्हणणं ही सेवा?"

"हुकुमाच्या भाषेत, हो."

"बरं. सकाळी सभेत होतात?"

"मागच्या रांगेत. सगळे उभे राहिले म्हणून मीही राहिलो."

"त्या बाईंना ओळखत होता?"

"भेटलो नाही कधी," वकील म्हणाले. "आणखी काही?"

ते गेल्यावर अध्यक्ष आत डोकावले. "फ्रीजकडून काय मिळालं?"

"गारवा," ताई म्हणाली. "दार लावून घे. मला वाटतं माणूस सापडला."

५

"हे बघ," ताई म्हणाली. "ज्यानं हे केलं त्याला तिचे आकडे वाचवायचे होते. आता विचार कर, तो सभेत तिचं नाव वाचू देईल का? जाहीर झालं की कुणीतरी ओरडणार, अरे ती तर जिवंत आहे! त्याला गुपचूप हवं होतं सगळं. मग नाव यादीत गेलं कसं?"

"सिस्टीमनं घातलं."

"बरोबर. म्हणजे दिवंगत अशी नोंद झाली की नाव सभेत वाचलं जातं, हेच त्याला माहीत नव्हतं. तुमच्यातली सगळ्यांत जुनी प्रथा त्याला ठाऊक नव्हती. वहिनी यादी स्वतः ठेवतात. त्यांनी केलं असतं तर काल नाव काढलं असतं. मास्तर पंचवीस वर्षं पुढच्या रांगेत उभे असतात. फ्रीज हुकुमाबाहेर पाऊल टाकणारा माणूस नाही. राहिला कोण? दरवर्षी नावं वाचून झाल्यावर येणारा."

अध्यक्षांनी खजिनदारांना परत बोलावले. ताईने त्यांना सगळा तर्क सांगितला, अगदी सौम्य आवाजात. खजिनदार ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, घाबरल्याचीही खूण नव्हती. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिले.

"तुम्ही सांगितलं नाहीत यांना?"

अध्यक्षांच्या लक्षात आले आणि त्यांनी डोळे मिटले. "माझ्या डोक्यातून निघूनच गेलं. माफ कर."

"माझी बायको इथली सभासद होती," खजिनदार ताईला म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी तिचं नाव वाचलं त्या यादीत. मी पुढच्याच रांगेत होतो. ओळखीच्या माणसानं एक वाक्य बोलायचं असतं ना? मी उठलो, आणि मला एक वाक्य सुचेना. इतकी वर्षं संसार केला, आणि एक वाक्य नाही. तेव्हापासून मी गाडीत बसून राहतो. नावं संपली की वर येतो."

पाणी उकळले आणि किटली आपोआप बंद झाली.

"चुकलं माझं," ताई म्हणाली. जन्मभर तपासणी करताना हे वाक्य तिला फार वेळा म्हणावे लागले नव्हते, त्यामुळे ते जरा कोरडे निघाले.

"चुकलं कसलं. तर्क बरोबर होता तुमचा," खजिनदार उठता उठता म्हणाले. "प्रथा माहीत नसलेला माणूस शोधा. तो मी नाही, एवढंच."

६

वकील आपल्या टेबलाशी होते. सभागृहात दुपारचे निबंध-वाचन सुरू झाले होते आणि टाळ्यांचा आवाज अधूनमधून खालपर्यंत येत होता. ताई समोर बसली.

"तुमची ही पहिलीच सभा," ती म्हणाली. "सगळे उभे राहिले म्हणून तुम्ही उभे राहिलात. का उभं राहायचं, ते उभं राहिल्यावर कळलं."

"प्रथा माहीत नसणं हा गुन्हा नाही."

"नाही. म्हणून दुसरी गोष्ट सांगते. मी चौघांना एकच वाक्य सांगितलं. वहिनी म्हणाल्या, त्याच आहेत का नक्की? मास्तर म्हणाले, तिचा आवाज ऐकला का? खजिनदार म्हणाले, कागद तपासले का? बरोबर आहे. एखादं माणूस गेलं असं आपण मानलेलं असतं आणि कुणी सांगतं ते दारात उभं आहे, तर आपला आधी विश्वासच बसत नाही. विम्याच्या धंद्यात मी हे पाहिलंय. सख्खी आईसुद्धा आधी विचारते, तोच का? तुम्ही काय विचारलंत?"

वकिलांनी हातातल्या पेनाला टोपण लावले.

"विमान कितीला आहे, असं विचारलंत. ती बाई तीच आहे का, ही शंका तुम्हाला आलीच नाही. कारण ती मेली असं तुम्ही एक क्षणही मानलं नव्हतं."

वरच्या मजल्यावर टाळ्या झाल्या आणि थांबल्या.

"त्यांचा फोन आला होता," वकील म्हणाले. आवाज तोच होता, फक्त हळू. "हुकूम आल्याच्या दिवशी, सकाळी. निर्बंधांचे फोन माझ्याकडे वळवायचे असं ठरलं होतं. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मला काढायचं तर काढा, माझे आकडे काढू नका. खाली खोऱ्यात माणसं त्या आकड्यांवर झोपतात.’ मी ‘बघतो’ म्हटलं. मी प्रत्येकालाच ‘बघतो’ म्हणतो."

"मग?"

"मग संध्याकाळी खजिनदारांनी ती थट्टा केली आणि मी उत्तर दिलं. उत्तर देताना कळलं की ते खरं आहे. वहिनी चहा करायला उठल्या होत्या. एक क्लिक होतं. कुणाला इजा नव्हती. त्या इथे येणार आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आज नाव ऐकलं तेव्हा..." त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले. "काही न करता हुकुमाप्रमाणे काढलं असतं तर त्या आत्ता बाहेर असत्या. विद्यापीठाची गाडी घ्यायला आली होती."

"विमानतळावर चला."

"तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय म्हणताय? निर्बंध चुकवायला खोटी नोंद. आणि करणारा वकील. सनद जाईल, ती जाऊ दे. खटला होईल. माझी मुलगी सव्वा वर्षाची आहे."

"कळतंय," ताई म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही. तुम्ही नाही आलात तर मी तुमचं नाव घेणार नाही. पण ऐकीव गोष्ट तो अधिकारी चालवून घेणार नाही. करणाऱ्याच्या तोंडून हवीय त्याला."

वकिलांनी घड्याळ पाहिले. खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला, एक बाही घातली आणि मध्येच थांबले.

"घरी एक फोन करतो," ते म्हणाले. "दोन मिनिटं."

ताई बाहेर जिन्यात थांबली. दोन मिनिटांची बरीच मिनिटे झाली. दाराआड आधी बोलण्याचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला. ताईने दार ढकलावे की नाही याचा विचार केला. ती खालची पायरी उतरली, पुन्हा चढली.

७

दार उघडले. वकिलांचे डोळे लाल होते, कोट नीट घातलेला होता.

"बायको म्हणाली, जाऊन या," ते म्हणाले.

विमानतळावर पोचायला त्यांना सहा वाजले. अधिकारी वयाने ताईपेक्षा बराच लहान होता आणि दिवसभर उभा असल्यासारखा दिसत होता. त्याने वकिलांना आतल्या खोलीत नेले. काचेतून ताईला त्यांचे हलणारे ओठ दिसत होते. वकील सलग बोलत होते. अधिकाऱ्याने त्यांना फार अडवले नाही. मग आणखी एक जण आला, त्याने वकिलांचा फोन मागून घेतला आणि काचेवरचा पडदा ओढला.

थोड्या वेळाने अधिकारी बाहेर आला. "तुम्ही बाईंना पाच मिनिटं भेटू शकता. मी जवळ उभा राहीन."

बाई प्रतीक्षा-कक्षात टोकाच्या बाकावर होत्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या. गालांवर बर्फातल्या उन्हाचे जुने डाग. मांडीवर घडी केलेला कोट होता. ताईने आपली ओळख सांगितली.

"तुम्ही ताई!" बाई हसल्या. "तुमच्या नावानं सगळा डोंगर दणाणून सोडला होता त्यांनी. मला वाटलं होतं, कुणीतरी सहा फुटी असणार."

"त्यानं मला आज सांगितलं."

"मला मारलं कुणी, ते कळलं का?"

ताईने सांगितले. बाईंनी मध्ये काही विचारले नाही.

"फोनवरचा तो मुलगा," त्या शेवटी म्हणाल्या. "बघतो म्हणाला होता. मला वाटलं, सगळे म्हणतात तसं म्हणतोय. आता त्याचं काय होणार?"

"तो आत आहे. अजून काही सांगत नाहीत."

"आणि आकडे? ते आहेत ना उघडे?"

हा प्रश्न येणार हे ताईला ठाऊक होते आणि गाडीत तिने त्याचे उत्तर शोधून पाहिले होते. "दुपारी बंद झाले," ती म्हणाली. "तुम्ही हयात आहात अशी दुरुस्ती करावी लागली. इथल्या साहेबांनाच ती हवी होती. वहिनींनी ती केली आणि सिस्टीमनं लगेच संग्रह बंद केला."

बाईंनी कोटाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "या महिन्यात पातळी वाढते," त्या म्हणाल्या. "खालच्यांना फोन करायला हवा कुणीतरी. कागदावर नको, नुसता फोन. तुम्ही कराल?"

"नंबर सांगा."

त्यांनी तो पाठ सांगितला. ताईने दोनदा म्हणून पाठ केला. अधिकारी दुसरीकडे पाहत होता.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "आमच्याकडचे बाकीचेही तुमचे सभासद होते. माझ्याबरोबर बर्फावर येणारे दोघं, आमचा नकाशेवाला, ती नवी मुलगी, आणखीही काही. त्यांना मारलंत का?"

"नाही," ताई म्हणाली. "त्यांना कुणी नाही मारलं."

"मग त्यांचं काय केलंत?"

ताईने तोंड उघडले. सकाळपासून तिने चार माणसांना प्रश्न विचारले होते, आणि हा एकदाही विचारला नव्हता. ती नावे नियमाप्रमाणे काढली गेली होती, म्हणून त्यांचा तपास करायचे कुणाला सुचलेही नव्हते. तिने बाईंच्या हातावर हात ठेवला. बाईंनी तो काढला नाही, पण उत्तराची वाट पाहणेही सोडले नाही.

अधिकाऱ्याने पाच मिनिटे झाल्याची खूण केली.

बाहेर आल्यावर त्याने ताईला परिस्थिती सांगितली. वकिलांचा जबाब नोंदला गेला आहे. बाई मेलेल्या नाहीत, हे त्याला मान्य आहे. कागदांबद्दलचा शेरा पडणार नाही. मात्र निर्बंध चुकवण्याच्या प्रकारात ज्यांचे नाव आले त्यांना आत सोडायचे की नाही, हे आता त्याच्या हातात राहिलेले नाही. प्रकरण वर पाठवले आहे. वकिलांना घरी सोडण्याबद्दलही वरूनच सांगतील.

ताईने भिंतीपाशी उभे राहून खोऱ्यातला नंबर लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा घंटी वाजत राहिली.

परतीच्या विमानाची शेवटची घोषणा झाली तेव्हा बाई त्याच बाकावर होत्या, पडदा ओढलेलाच होता, आणि वरून निरोप आलेला नव्हता.